‘माणसे नकोत, पगार हवा’ : कमी संपर्काच्या कामाच्या शोधाचा एक प्रकरण अभ्यास

क्ष (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) करिअरविषयक सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा ३४ वर्षांच्या होत्या. संख्याशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी एका विमा कंपनीच्या तक्रार निवारण विभागात नोकरी धरली, तेथे ९ वर्षे काढली आणि त्यांपैकी शेवटची २ वर्षे १२ जणांच्या गटाच्या प्रमुख म्हणून काम पाहिले. कामात त्यांचे नाव चांगले होते आणि वरिष्ठ समाधानी होते. तरीही गेले वर्षभर रविवारी दुपारपासूनच त्यांचे डोके दुखू लागे आणि घरी परतल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत बसल्याखेरीज त्यांना कोणाशीही बोलवत नसे. पहिल्या भेटीत त्यांनी आपली अपेक्षा एका वाक्यात सांगितली : ‘माणसे नकोत, पगार हवा.’

ही मागणी अनेकांची असते, आणि ती जशीच्या तशी स्वीकारली की सल्ला फसतो. ‘माणसे नकोत’ म्हणजे नेमके काय नको आणि ‘पगार हवा’ म्हणजे किती हवा, हे ठरल्याशिवाय व्यवसायांची यादी काढण्यात अर्थ नसतो. पगाराचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. घराचे कर्ज आणि आईचे औषधपाणी लक्षात घेता उत्पन्न सध्याच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलेले त्यांना चालणार नव्हते, आणि तेही फार तर दीड वर्ष. पाच वर्षांनी मात्र ते सध्याच्या पगारापेक्षा बरेच अधिक असायला हवे होते. या दोन आकड्यांनीच निम्मे पर्याय बाद झाले. रात्रपाळीची राखण, गोदामातील नोंदी, कागदपत्रांची टंकलेखी नक्कल ही कामे शांत असतात, पण ती शिकायला वेळ लागत नाही, त्यामुळे ती करू शकणारे पुष्कळ असतात आणि वेतन वर सरकत नाही.

संपर्काची रोजनिशी

पहिल्या प्रश्नासाठी मी त्यांना तीन आठवडे एक रोजनिशी ठेवायला सांगितली. दिवसभरातील प्रत्येक संपर्काची त्यात नोंद करायची होती : तो आधी ठरलेला होता की अचानक आला, माणूस ओळखीचा होता की परका, बोलणे तोंडी झाले की लेखी, समोरचा रागावलेला होता का, त्याच क्षणी उत्तर देणे भाग होते का, आणि शेवटी स्वतःला किती थकवा आला याला शून्य ते दहांपैकी गुण. क्ष यांनी ती संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा काटेकोरपणे भरली.

निष्कर्ष त्यांनाही अनपेक्षित होता. माणसांची संख्या आणि थकवा यांचा फारसा मेळ बसत नव्हता. एका दिवशी त्यांनी लेखा विभागातील एका नव्या सहकाऱ्याला सलग चार तास शेजारी बसवून तक्त्यांतील सूत्रे शिकवली होती, आणि त्या नोंदीपुढे थकवा होता केवळ एक. याउलट सात मिनिटांच्या एका अचानक आलेल्या फोनपुढे नऊ गुण होते. जास्त गुणांच्या जवळजवळ सर्व नोंदी तीन प्रकारांत बसत होत्या : न ठरवता आलेले फोन, संतापलेल्या परक्या माणसापुढे चेहरा आणि आवाज शांत ठेवण्याची सक्ती, आणि ज्यांना नकार द्यायला हवा होता पण दिला नाही अशा विनंत्या.

यांतल्या दुसऱ्या प्रकाराला समाजशास्त्रात नाव आहे. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांच्या कामाचा अभ्यास मांडताना भावनिक श्रम ही कल्पना रूढ केली. पगाराच्या मोबदल्यात स्वतःच्या भावना दाखवणे वा दडपणे, हे ते श्रम. सेविकेला हसायचे असते आणि वसुलीवाल्याला जरब दाखवायची असते, पण दोघांचीही भावना कंपनीच्या नियमाने चालते. क्ष यांचे काम या दोहोंच्या मधले होते. त्या दमत होत्या त्या माणसांमुळे नव्हे, तर या श्रमांमुळे.

तिसरा प्रकार मला अधिक महत्त्वाचा वाटला. आपल्या भाषेत माणसांपासून दूर राहणाऱ्यासाठी बरेच शब्द आहेत आणि आपण ते सरमिसळ वापरतो : अबोल, बुजरा, एकलकोंडा, भिडस्त, माणूसघाणा. अर्थाने मात्र ते वेगळे आहेत. अबोल माणसाला बोलण्याची गरज कमी असते, बुजऱ्याला बोलायचे असते पण धीर होत नाही, एकलकोंड्याला एकटेपणाच आवडतो, माणूसघाण्याला माणसांचा तिटकारा असतो, आणि भिडस्ताला ‘नाही’ म्हणता येत नाही. मानसशास्त्रातील अंतर्मुख हा शब्द कार्ल युंग यांच्या १९२१ च्या मांडणीनंतर सर्वतोमुखी झाला, पण समुपदेशनाच्या खोलीत मला हे जुने पाच शब्द अधिक उपयोगी पडतात, कारण त्या प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. क्ष स्वतःला एकलकोंड्या म्हणवत होत्या. रोजनिशी सांगत होती की त्या थोड्या अबोल आणि पुष्कळ भिडस्त आहेत. आपला नकार समोरच्याला लागेल या धास्तीने त्या माणसेच टाळू पाहत होत्या. भीड भिकेची बहीण असे म्हणतात, ते येथे अगदी शब्दशः खरे होते : ९ वर्षांत त्यांनी एकदाही पगारवाढ मागितली नव्हती.

बुजरेपणाचा भाग तपासणेही आवश्यक होते. संपर्काची भीती आणि संपर्काचा थकवा बाहेरून सारखेच दिसतात. परंतु सामाजिक भीती हा १९८० पासून निदानाच्या अधिकृत वर्गीकरणात असलेला, उपचाराने सुधारणारा विकार आहे, आणि भीती टाळण्याने कमी होत नाही, वाढते. तशी भीती असणाऱ्याला शांत नोकरी सुचवणे म्हणजे दुखणे झाकणे. म्हणून मी क्ष यांना एका मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले. विकार म्हणावा असे काही आढळले नाही, मात्र फोन उचलण्याची भीती खरी होती आणि त्यावर टप्प्याटप्प्याने सरावाची काही सत्रे झाली. हा खर्च आणि वेळ वाया गेला असे त्यांना तेव्हा वाटले होते.

बाजार काय सांगतो

यानंतर मी त्यांना एक अप्रिय गोष्ट सांगितली. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार अमेरिकेत १९८० ते २०१२ या काळात भरपूर सामाजिक संवाद लागणाऱ्या नोकऱ्यांचा एकूण रोजगारातील वाटा सुमारे १२ टक्केबिंदूंनी वाढला, तर गणित भरपूर पण संवाद कमी अशा नोकऱ्यांचा वाटा ३.३ टक्केबिंदूंनी घटला. हे आकडे एका देशाचे आहेत, पण त्यांमागचे कारण सर्वत्र लागू पडते : एकट्याने, ठरलेल्या नियमांनी करता येणारे काम यंत्राकडे सोपवणे सोपे असते. दीपगृहाचा रखवालदार हे एकांताच्या नोकरीचे जुने उदाहरण. ब्रिटनमधील शेवटचे मनुष्यचलित दीपगृह १९९८ मध्ये स्वयंचलित झाले. भाषांतर हे घरी बसून करायचे काम म्हणून अनेकांच्या मनात असते, पण तेथेही साध्या मजकुराचा पहिला खर्डा आता यंत्र करते आणि भाषांतरकाराकडे तपासणीचे, कमी दराचे काम येते.

याचा अर्थ असा नव्हे की तसे काम उरलेच नाही. अर्थ एवढाच की एकांतासाठी कोणी पैसे देत नाही. कमी संपर्कात चांगले वेतन मिळते ते तीन गोष्टी एकत्र आल्या तरच : चूक महाग पडते, कौशल्य कमवायला वर्षे लागतात, आणि कामाचा दर्जा ते करणाऱ्याला समोर न बसवताही तपासता येतो. यांतील तिसरी अट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जेथे काम स्वतःच स्वतःची साक्ष देते, म्हणजे हिशेब जुळतो की नाही, प्रणाली चालते की नाही, आकडा बरोबर आहे की नाही हे पाहता येते, तेथे माणसाला स्वतःचे गुण बोलून दाखवावे लागत नाहीत. जेथे दर्जा मताचा विषय असतो तेथे मत वळवायला माणसे भेटावीच लागतात. कादंबरीकार महिनोन्‌महिने एकटा लिहितो, पण पुस्तक खपवायला त्याला गावोगाव फिरावे लागते.

क्ष यांनी आणलेली यादी आम्ही या कसोटीवर घासली. ग्रंथपाल हे नाव पहिल्याच फेरीत गेले, कारण ग्रंथालयातील शांतता वाचकांसाठी असते आणि ग्रंथपाल दिवसभर प्रश्नांना उत्तरे देत असतो. विमागणिती, म्हणजे ॲक्चुअरी, हे नाव बराच काळ टिकले. संख्याशास्त्राची पदवी आणि विम्याचा अनुभव या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या, वेतनही उत्तम. पण परीक्षांची मालिका पूर्ण व्हायला अनेक वर्षे लागतात, आणि वर चढल्यावर काम बदलते : कनिष्ठ गणिती आकडे काढतो, वरिष्ठ गणिती ते आकडे संचालक मंडळाला समजावतो. ही गोष्ट बहुतेक व्यवसायांना लागू आहे. पायरी जितकी वरची तितकी माणसे अधिक. म्हणून पहिली नोकरी शांत आहे का, एवढेच विचारून भागत नाही. दहा वर्षांनी त्याच जागी चांगल्या पगारावर तज्ज्ञ म्हणून राहता येते का, हे विचारावे लागते. काही मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी अशी तज्ज्ञांची स्वतंत्र शिडी फार पूर्वी उभारली. आयबीएमची ‘फेलो’ ही पदवी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. लहान संस्थांत मात्र ती क्वचितच सापडते.

संगणक प्रोग्रॅमर हा शब्द ऐकला की लोकांना हेडफोन लावलेला एकटा माणूस दिसतो. या चित्रात फसू नये. सॉफ्टवेअरच्या कामाला आज ज्या ‘अजाइल’ पद्धतीने वळण लावले आहे, तिच्या २००१ मधील मूळ तत्त्वांतच असे म्हटले आहे की व्यवसायाची बाजू पाहणारे आणि प्रोग्रॅमर यांनी रोज एकत्र काम करावे आणि माहिती पोहोचवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग समोरासमोर बोलणे हाच आहे. दुसऱ्या टोकाला लिनक्स या संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा गाभा आहे. १९९१ पासून जगभरच्या प्रोग्रॅमरांनी तो मुख्यतः ई-मेलवर चर्चा करत घडवला. परंतु तेथील लेखी टीका एवढी झोंबरी असे की २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ रजा घेतली. लेखी संपर्क हाही संपर्कच, आणि तो चारचौघांत असेल तर भिडस्त माणसाला तो फोनपेक्षा जड जाऊ शकतो. तेव्हा व्यवसायाच्या नावापेक्षा त्या विशिष्ट संस्थेतील कामाची रीत पाहणे भाग असते.

निवड आणि तयारी

शेवटी निवड झाली ती विम्याच्या दाव्यांची व तक्रारींची माहिती साठवणाऱ्या, शुद्ध करणाऱ्या आणि तिचे अहवाल तयार करणाऱ्या प्रणालींच्या कामाची, ज्याला बाजारात डेटा इंजिनिअर म्हणतात. त्यामागे तीन कारणे होती. चुकीचा आकडा येथे महाग पडतो. आकडा बरोबर आहे की नाही हे तपासता येते. आणि क्ष यांची ९ वर्षे वाया जात नाहीत, कारण तक्रारीच्या अर्जातला कोणता रकाना लोक घाईत चुकीचा भरतात हे नुसत्या तंत्रज्ञाला ठाऊक नसते आणि त्यांना तोंडपाठ होते. व्यवसाय बदलणारे लोक जुना अनुभव टाकून कोऱ्या पाटीने सुरुवात करू पाहतात, तेव्हा पगार कोसळतो. क्ष यांना नको होता तो जुन्या कामातला संपर्क. त्यातले ज्ञान नको असण्याचे कारण नव्हते.

शिकायचे काय, हेही काळजीने ठरवले. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी कोष्टकरूप माहितीसाठ्याची कल्पना १९७० मध्ये मांडली आणि अशा साठ्यातून माहिती काढण्याची एसक्यूएल ही भाषा १९७० च्या दशकातच आकाराला आली. पन्नास वर्षे टिकलेले कौशल्य आणखी दहा वर्षे टिकेल असे मानायला हरकत नसते, जे दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या साधनांबद्दल म्हणता येत नाही. एसक्यूएल, त्याच्या जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि महाविद्यालयातले संख्याशास्त्र पुन्हा उजळणे, एवढेच त्यांनी १४ महिने रोज पहाटे दोन तास केले. यंत्राने लिहिलेली सूत्रे आज सहज मिळतात हे खरे, पण ती बरोबर आहेत का हे सांगायला आतला विषय जाणणारा माणूस लागतो, आणि तीच त्यांची खास जागा होती.

पुरावा म्हणून त्यांनी प्रमाणपत्रे जमवली नाहीत. स्वतःच्या विभागात दर आठवड्याला तीन माणसे दीड दिवस खपून जो तक्रारींचा अहवाल हाताने तयार करत, तो त्यांनी वरिष्ठांच्या परवानगीने काही मिनिटांत निघेल असा केला. त्यातून आधीच्या अहवालातील दुहेरी मोजणी उघड झाली. त्याबद्दल कौतुकापेक्षा कुरबुरच जास्त झाली, तो भाग मी येथे सोडून देतो.

मुलाखतीची त्यांना धास्ती होती. मानसशास्त्रज्ञ फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून दाखवले होते की गप्पांसारख्या मोकळ्या मुलाखतीपेक्षा ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत किंवा प्रत्यक्ष कामाचा नमुना पुढील कामगिरीचा अंदाज अधिक चांगला देतो. नंतरच्या फेरतपासणीत त्यांतील आकडे खाली आले, पण मोकळ्या मुलाखतीची बाजू काही सावरली नाही. ज्या संस्था अर्जदाराला कामाचा नमुना देतात त्या पुढेही कामावरूनच पारख करण्याची शक्यता जास्त, असा तर्क करून आम्ही अर्ज तेवढ्यापुरतेच मर्यादित ठेवले.

पहिला प्रयत्न फसला

१५ व्या महिन्यात त्यांना पूर्णपणे घरून करायचे कंत्राटी काम मिळाले. वेतन आधीच्या ९५ टक्के, बैठका नाहीत, फोन नाहीत, सूचना लेखी. कागदावर हेच मागितले होते. पहिले दोन महिने त्या इतक्या खूश होत्या की मला त्यांचे दोन ओळींचे आभारपत्र आले.

पाचव्या महिन्यात काम तुटले. एका प्रणालीसाठी ‘बंद झालेला दावा’ म्हणजे काय, याची व्याख्या सूचनांमध्ये संदिग्ध होती. एक प्रश्न विचारला असता तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता, पण तेथे कोणी कोणाला प्रश्न विचारत नसे आणि क्ष यांची भीड त्या वातावरणात सुखाने वाढली होती. त्यांनी अर्थ स्वतःच लावला आणि सहा आठवड्यांचे काम टाकून द्यावे लागले. शिवाय दिवसचे दिवस एकही शब्द न बोलता जाऊ लागले, झोपेची वेळ बिघडली, आणि रविवारच्या डोकेदुखीची जागा एका सपाट उदासीने घेतली. कंत्राटाचे नूतनीकरण झाले नाही.

या अपयशात माझाही वाटा होता. रोजनिशीतून कोणता संपर्क काढायचा हे मी नेमके मोजले होते, कोणता ठेवायचा याची नोंद मात्र केली नव्हती. चार तासांच्या शिकवणीपुढचा तो एक गुण माझ्यासमोर होता. तो मी ‘त्रास नाही’ असा वाचला. तो ‘गरज आहे’ असा वाचायला हवा होता. संपर्क शून्यावर आणणे ही क्ष यांची गरज नव्हतीच, संपर्काची वेळ आणि रीत स्वतःच्या हातात असणे ही होती.

दुसरी नोकरी एका मध्यम आकाराच्या संस्थेत मिळाली, आणि ती कळली लेखा विभागातल्या त्याच सहकाऱ्याकडून, जो दरम्यान तेथे रुजू झाला होता. या वेळी क्ष यांनी अटी पत्राने कळवल्या : दुपारपर्यंत व्यत्यय नको, फोन वेळ ठरवूनच, नव्या कामाची मागणी लेखी, आणि प्रत्येक काम सुरू करण्यापूर्वी मागणी करणाऱ्याबरोबर अर्ध्या तासाची एक बैठक, जी स्वतः क्ष बोलावतील. ही शेवटची अट संस्थेने सुचवली नव्हती. वेतनाची घासाघीसही पत्रानेच झाली, आणि आधी देऊ केलेला आकडा ११ टक्क्यांनी वाढला. समोर बसून त्यांना हे जमले नसते, असे त्या स्वतःच सांगतात. दोन अचानक आलेले फोन त्यांनी पहिल्याच आठवड्यात नाकारले, तेव्हा मानसशास्त्रज्ञाकडची ती सत्रे वाया गेली नव्हती हे त्यांनी मान्य केले.

तेथे त्यांना आता दोन वर्षे झाली आहेत. वेतन विमा कंपनीतील शेवटच्या पगाराच्या १.४ पट आहे. मध्यंतरी मी त्यांना रोजनिशी पुन्हा एक आठवडा ठेवायला सांगितली. तोंडी संपर्क नऊ, त्यांतले सहा त्यांनी स्वतः सुरू केलेले, आणि थकव्याचा सर्वांत मोठा आकडा चार.

या संस्थेत तज्ज्ञांसाठी वेगळी शिडी नाही, हे रुजू होताना ठाऊक होते. गेल्या महिन्यात विभागप्रमुख निवृत्त होत असल्याचे जाहीर झाले आणि चार जणांच्या गटाचे प्रमुखपद क्ष यांना देऊ करण्यात आले. त्यांनी लगेच होकार दिला नाही, नकारही दिला नाही. त्या चार जणांपैकी प्रत्येकाला आठवड्यातून एक तास शिकवायला त्या तयार आहेत, पण रजा, मूल्यमापन आणि भांडणे दुसऱ्या कोणी पाहावीत, असा प्रस्ताव त्यांनी पाठवला असून त्याचे उत्तर लेखी मागितले आहे. ते अद्याप आलेले नाही.